जंगलाच्या खाली कुणाचा नळ आहे?

पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "अमेरिकेच्या पश्चिम भागातली सरकारी जंगलं दरवर्षी जळतात. काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, सरकारला हे जमत नाही, तेव्हा संवर्धन आणि वणव्यांचा बंदोबस्त दोन्ही बाजाराच्या पद्धतीने करा. रोखे काढा, लाकूड विकून जंगल विरळ करा, चराईचे परवाने निसर्गप्रेमी संस्थांना विकत घेऊ द्या. यात तथ्य आहे, की हे खासगीकरणाचंच गोंडस नाव? आणि तुम्ही स्वतः अशा रोख्यात पैसे घालाल का?"

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, वडील वनखात्यात होते. गेली बावीस वर्षं आधी ॲरिझोनात आणि आता कॅलिफोर्नियात जंगल विरळणीची कामं आखतो. नकाशावर पट्टे आखायचे, ठेकेदार गाठायचे, परवानग्यांच्या फायलींमागे धावायचं आणि हिवाळ्यात फांद्यांचे ढीग पेटवायचे, असं हे काम. तेव्हा पुढचं उत्तर अर्थशास्त्राच्या वर्गातलं नाही, बूट राखेत बुडवलेल्या माणसाचं आहे, असं समजून वाचा.

पहिल्यांदा खासगीकरणाचा मुद्दा बाजूला करू. अमेरिकेत केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. आठ महाराष्ट्र त्यात मावतील आणि वर जागा उरेल. नेवाडासारख्या राज्यात तर जवळपास ८० टक्के जमीन केंद्राची. यातली १९ कोटी ३० लाख एकर फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे आणि हे खातं कृषी मंत्रालयाखाली येतं, जे इथे नव्याने आलेल्या कुणालाही खरं वाटत नाही. त्याहून मोठा पसारा, साडेचोवीस कोटी एकर, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे: माळरानं, सेजब्रशची खुरटी झुडपं, वाळवंट. ही जमीन विकून टाका म्हणणारे लोक आहेत, अधूनमधून संसदेतही डोकं वर काढतात. पण तुम्ही विचारलेल्या तीनही गोष्टींत, म्हणजे रोखे, लाकूड आणि परवाने यांत, जमिनीचा एक तुकडाही विकला जात नाही. सातबारा सरकारच्याच नावावर राहतो. बदलतं ते एवढंच, की त्या जमिनीवर काय व्हावं यासाठी पैसे कोण मोजतो आणि पैसे मोजल्यावर त्याला काय मिळतं.

दुसरा गैरसमज असा, की आजवर ही जंगलं बाजारापासून दूर होती आणि आता तिथे बाजार आणायचा आहे. उलट, पैशाच्या चुकीच्या ओढीनेच ती या अवस्थेला आली. १९०८ साली दोन गोष्टी ठरल्या. एक, राष्ट्रीय जंगलांच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा स्थानिक काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाला, शाळा आणि रस्त्यांसाठी द्यायचा. म्हणजे झाडं तुटली तर गावाला पैसा, उभी राहिली तर काही नाही. दुसरी, आग लागली तर तिजोरीत तरतूद नसली तरी खर्च करायची मुभा. जळण्याआधी जंगल राखायला मोजून पैसे, जळायला लागल्यावर मात्र कोरा चेक. मग १९३० च्या कायद्याने खात्याला लाकूडविक्रीतला पैसा पुनर्लागवडीसाठी स्वतःकडे ठेवता येऊ लागला. रस्ते, आखणी, कारकुनी असा सगळा खर्च धरला तर अनेक विक्रींत सरकारचा तोटाच व्हायचा, पण कार्यालयाच्या खात्यात पैसा पडायचा. साहजिकच कार्यालय विक्री करत राहिलं. कुणी लबाड होतं म्हणून नव्हे, हिशेबाची वहीच तशी आखलेली होती.

त्यात १९१० सालचा ऑगस्ट. आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळालं आणि ऐंशीच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आग विझवणारेच. खातं अवघं पाच वर्षांचं होतं. तो धसका त्याच्या हाडात शिरला. १९३५ मध्ये फर्मान निघालं: कुठलीही आग दिसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आली पाहिजे. हे धोरण १९७८ पर्यंत चाललं. ॲरिझोनातल्या पॉन्डेरोसा पाइनच्या जंगलाला दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग लागायची; गवत आणि पाचोळा जळायचा, जाड सालीची मोठी झाडं मजेत उभी राहायची. आग बंद झाली, गुरांनी गवत संपवलं आणि जिथे एकरी पन्नासेक झाडं होती तिथे शेकडो, काही ठिकाणी हजारावर काटकुळी झाडं दाटली. आज त्यात ठिणगी पडली, की आग जमिनीवर थांबत नाही, खालच्या फांद्यांची शिडी करून शेंड्यावर चढते.

आणि विझवण्याचा खर्च खात्यालाच खाऊ लागला. १९९५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या खर्चातला १६ टक्के भाग आगीवर जायचा. २०१५ मध्ये तो पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेला. ऑगस्टमध्ये आगीचा निधी संपला, की विरळणीचा निधी तिकडे वळायचा. आमच्या कामाच्या बाबतीत हे दोनदा झालं. पट्टे आखून झालेले, झाडांवर निळ्या रंगाच्या खुणा मारलेल्या, ठेकेदाराची यंत्रं ट्रेलरवर चढलेली, आणि सकाळी फोन: पैसे थांबले. २०१८ मध्ये संसदेने कायदा बदलून मोठ्या आगींसाठी वेगळा निधी ठेवला, तो २०२० पासून लागू झाला. तेव्हापासून ही पळवापळवी कमी झाली. पण राहिलेलं काम इतकं मोठं आहे, की सरकारी पैशाच्या जोडीला दुसरा पैसा शोधणं भागच होतं.

इथे रोखे येतात.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या उतारावर नॉर्थ यूबा नदीचं खोरं आहे, ताहो राष्ट्रीय जंगलात. २०१८ मध्ये ब्लू फॉरेस्ट नावाच्या ना-नफा संस्थेने वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटसोबत तिथे पहिला 'फॉरेस्ट रेझिलियन्स बाँड' उभा केला. रक्कम ४० लाख डॉलर, क्षेत्र १५ हजार एकर. पैसे दिले चौघांनी: दोन धर्मादाय प्रतिष्ठानं, एक गुंतवणूक संस्था आणि एक विमा कंपनी. प्रतिष्ठानांना व्याज १ टक्का, बाकीच्या दोघांना ४ टक्के. त्या पैशातून लगेच विरळणी, झुडूपकाढणी आणि नियंत्रित जाळणी (म्हणजे ठरवून, आखून लावलेली हलकी आग) सुरू झाली. परतफेड कोण करणार? यूबा वॉटर एजन्सी पाच वर्षांत १५ लाख डॉलर, आणि राज्य सरकारच्या अनुदानातून २६ लाख.

बारकाईने बघा, यात जंगलाने कमावलेला एक पैसाही नाही. झाडांवर कुणी भाव लावलेला नाही. पाणी आणि वीज पुरवणाऱ्या संस्थेला माहीत आहे, की वरचं खोरं जळालं तर पुढच्या पावसात राख, माती आणि ओंडके तिच्या धरणात येणार. तो खर्च तिला तसाही करायचाच आहे, फक्त आगीनंतर आणि कित्येक पटीने. अनुदानही मंजूर होतं, पण ते बिलं सादर केल्यावर हप्त्याहप्त्याने मिळणार. रोख्याने काय केलं, तर दहा-बारा वर्षं रेंगाळणारं काम पुढे ओढलं. गावाकडे सोसायटीचं पीककर्ज जे करतं तेच: पैसा नवा नसतो, वेळेवर असतो. जूनमध्ये बियाणं घ्यायला पैसा नसेल तर डिसेंबरमध्ये येणाऱ्या पैशाचा उपयोग काय? प्रयोग जमला म्हणून २०२१ मध्ये त्याच खोऱ्यात २ कोटी ५० लाख डॉलरचा दुसरा रोखा आला.

ही कल्पना डेन्व्हरने त्याआधीच, रोख्याशिवाय, करून दाखवली होती. १९९६ मध्ये बफेलो क्रीकची आग आणि २००२ मध्ये हेमनची, साधारण १ लाख ३८ हजार एकरांची. दोन्ही आगी शहराला पाणी देणाऱ्या खोऱ्यात. नंतर मुसळधार पाऊस झाला आणि स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्स धरणात गाळ भरला. गाळ काढणं, पाणी शुद्ध करणं, उतार सावरणं यात डेन्व्हर वॉटरचे २ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त गेले. २०१० मध्ये त्यांनी फॉरेस्ट सर्व्हिसशी करार केला: पाच वर्षांत ३ कोटी ३० लाख डॉलर, निम्मे तुमचे, निम्मे आमचे. शहरातला माणूस पाणीपट्टी भरतो, त्यातले काही सेंट डोंगरातल्या सरकारी जंगलात खर्च होतात.

ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ शहर तर मी जवळून पाहिलं. २०१० च्या जूनमध्ये शुल्ट्झची आग लागली, कुणीतरी नीट न विझवलेल्या शेकोटीतून. १५ हजार एकर गेलं, घरं मात्र वाचली, लोकांनी सुस्कारा सोडला. महिन्याभरात पावसाळी ढग आले, जळक्या उतारावर पाणी मुरेना, आणि खालच्या वस्तीत लोंढा शिरला. बारा वर्षांची एक मुलगी त्यात वाहून गेली. दोन वर्षांनी शहराने मतपत्रिकेवर प्रश्न ठेवला: केंद्र सरकारच्या जंगलाची विरळणी करायला आपण १ कोटी डॉलरचं कर्ज काढायचं का? जवळपास तीन-चतुर्थांश मतदारांनी हो म्हटलं. तेव्हा प्रचाराच्या सभांत झाडांबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं. लोक वाळूच्या पोत्यांबद्दल बोलत होते. या कामाची एक कडवट गोष्टही सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये याच प्रकल्पात काम करणाऱ्या एका यंत्राचा लोखंडी भाग खडकावर घासला, ठिणगी उडाली आणि म्युझियम फायर लागली. सुमारे दोन हजार एकर जळाले, आणि त्यातून पुढे पूरही आले. आग टाळायला काढलेलं कर्ज आणि आग लावणारं यंत्र एकाच डोंगरावर.

आता माझा पहिला मोठा आक्षेप. यूबा, डेन्व्हर, फ्लॅगस्टाफ या तिन्ही ठिकाणी जंगलाच्या खाली कुणाचा तरी नळ किंवा घर आहे. नुकसान कुणाचं होणार ते नावानिशी सांगता येतं, आणि त्याच्याकडे बिल वसूल करायची यंत्रणा आहे. जिथे खोरं कुठल्याच मोठ्या शहराला पाणी देत नाही, खाली चार गुरंवाले आणि एक पेट्रोल पंप आहे, तिथे रोखा कोण फेडणार? ते जंगल कमी मोलाचं आहे असं नाही, त्याला गिऱ्हाईक नाही. ज्यांनी हजारो वर्षं हीच जंगलं जाळून राखली त्या कारुक आणि युरोक लोकांच्या क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात तर गरज मोठी आणि गिऱ्हाईक विरळ. बाजारवाले मित्र हा मुद्दा मान्य करतात आणि लगेच पुढच्या स्लाइडवर जातात.

मग लाकूड विकून खर्च निघत नाही का? हा प्रश्न मला लग्नसमारंभातही विचारला जातो. उत्तर एका ढिगाशी उभं राहून देता येईल. विरळणीत जे निघतं ते मनगटाएवढं ते मांडीएवढं जाड. गिरणीला हवा असतो तो मोठा, सरळ ओंडका, आणि आम्हाला जंगलात ठेवायचा असतो तोही नेमका तोच. काटकुळ्या मालाला नेण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त. म्हणून आम्ही त्याचे ढीग रचतो, माणसाच्या उंचीचे, आत बारीक काटक्या, वर जाड. ढिगाच्या डोक्यावर मेणकागदाचा तुकडा घालतो आणि त्यावर चार फांद्या दाबून ठेवतो, म्हणजे आतला गाभा कोरडा राहतो. वर्ष-दोन वर्षं ढीग वाळतात. मग पहिला बर्फ पडल्यावर कागदाखालून पेटवतो. खूप पैसे मोजून कापलेलं लाकूड आपल्याच हाताने जाळायचं, हे आमच्या आईला फोनवर समजावताना मला नेहमी घाम फुटतो. तिच्या हिशेबात ती वर्षभराची चूल.

कायद्यात यावर एक युक्ती आहे. २००३ पासून आणि २०१४ च्या कृषी कायद्याने कायमची. तिला इथे स्ट्युअर्डशिप कंत्राट म्हणतात: ठेकेदार विकण्याजोगं लाकूड नेतो आणि त्या किमतीच्या बदल्यात बिनकिमतीची साफसफाई करून देतो. छोट्या कामात चालते. मोठ्या कामात काय होतं ते ॲरिझोनाच्या 'फोर फॉरेस्ट' योजनेत दिसलं. चार राष्ट्रीय जंगलं, २४ लाख एकर, आणि गृहीत असं, की काटकुळ्या लाकडावर चालणारा उद्योग उभा राहील आणि विरळणी जवळजवळ फुकटात होईल. २०१२ मध्ये ३ लाख एकरांचं कंत्राट दिलं. वर्षभरात ते दुसऱ्या कंपनीकडे गेलं. दशकाअखेर कामाचा एक छोटा तुकडाच झाला होता. त्यानंतरच्या आणखी मोठ्या कंत्राटाची निविदाप्रक्रिया खात्याने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये रद्दच केली. ज्या वस्तूला मागणी नाही तिचा बाजार फर्मान काढून तयार होत नाही, हे खरं तर बाजारवाल्यांनी आधी सांगायला हवं होतं.

विरळणी एकरी हजारो डॉलरला पडते, नियंत्रित जाळणी त्याच्या कितीतरी स्वस्त. शिवाय नुसतं कापून भागत नाही. २०२१ मध्ये ऑरेगनमध्ये बूटलेगची आग ४ लाख १३ हजार एकर खाऊन गेली. सायकन मार्श भागात जिथे आधी विरळणी आणि त्यावर जाळणी दोन्ही झालं होतं, तिथे ती शेंड्यांवरून जमिनीवर उतरली. नुसती विरळणी झालेल्या पट्ट्यांत झाडं जास्त होरपळली. मग जाळणीच का करत नाहीत?

एक सकाळ सांगतो. ऑक्टोबरअखेर, सिएरात, चौऱ्याहत्तर एकरांचा पट्टा. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा उघड्या मातीचा पट्टा, दोन दिवस आधी खरवडून ठेवलेली, तेवीस माणसं, तीन पाण्याच्या गाड्या. सात वाजता आर्द्रता मोजली, ठीक. नऊ वाजता कोपऱ्यात चाचणीची आग लावली. ड्रिप टॉर्चमधून थेंब थेंब पेटतं मिश्रण पडतं, ज्योत गुडघ्याएवढी, धूर सरळ वर. दहा वाजता वारा वळला, धूर खालच्या वस्तीकडे जाऊ लागला. अकराच्या सुमारास आर्द्रता ठरलेल्या आकड्याखाली उतरली. प्रमुखाने हात वर केला. संपलं. चाचणीचा तुकडा विझवून सगळे घरी. त्या वर्षी त्या पट्ट्याला पुन्हा योग्य दिवस मिळाला नाही. यातलं काय विकत घेता येईल सांगा. वारा नाही. दिवस नाही. घेता येईल ते म्हणजे कायम पगारावरची तेवीस माणसं, जी दिवस मिळाला की हजर असतील. बहुतेक ठिकाणी तेवढीही नसतात. उन्हाळ्यात तीच माणसं आगी विझवून थकलेली असतात.

आणि चुकलं तर? २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत खात्यानेच लावलेल्या दोन आगी हातातून सुटल्या. एक एप्रिलमधली नियंत्रित जाळणी, दुसरी जानेवारीत पेटवलेले ढीग, जे बर्फाखाली आतल्या आत धुमसत राहिले होते. दोन्ही मिळून हर्मिट्स पीक–काफ कॅन्यनची आग झाली, ३ लाख ४१ हजार एकर, त्या राज्यातली आजवरची सर्वांत मोठी. भरपाईसाठी संसदेने सुरुवातीला जवळपास ४०० कोटी डॉलर दिले आणि खात्याने देशभर ९० दिवस जाळणी थांबवली. जाळणी करून काही बिघडलं तर अधिकाऱ्याचं नाव पेपरात येतं. जाळणी केलीच नाही आणि पाच वर्षांनी वणवा आला, तर दोष विजेचा, वाऱ्याचा, हवामानाचा. या तराजूत कुठलाही शहाणा माणूस फाईल पुढच्या वर्षावर ढकलेल. इथे विम्यासारखं साधन खरंच उपयोगी आहे. कॅलिफोर्नियाने खासगी जाळणी करणाऱ्यांसाठी आणि परंपरेने आग लावणाऱ्या आदिवासी समाजांसाठी २ कोटी डॉलरचा दावे-निधी ठेवला आहे. काळजी घेऊनही आग सुटली, तर भरपाई त्यातून. माझ्या मते रोख्यांपेक्षा हे कमी चमकदार आणि जास्त कामाचं आहे.

परवानग्यांच्या वेळेबद्दल बाजारवाल्यांची तक्रार रास्त आहे. मोंटानातल्या पर्क या संस्थेने, जी या विचाराची जुनी पंढरीच म्हणायची, २०२२ मध्ये हिशेब मांडला: सविस्तर पर्यावरण अहवाल लागणाऱ्या प्रकल्पात विरळणी सुरू व्हायला सरासरी ५.३ वर्षं, जाळणी सुरू व्हायला ७.२ वर्षं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. फक्त एक पुस्ती: उशीर नेहमी कोर्टकज्ज्यांचा नसतो. पुष्कळदा ज्या एका जीवशास्त्रज्ञाने अहवाल लिहायचा तो तीन जंगलांत वाटलेला असतो आणि सप्टेंबरपर्यंत आगीच्या ड्युटीवर असतो.

आता परवाने. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे बाजार आहे आणि कायद्यानेच त्याचा एक दरवाजा बंद केलेला आहे. सरकारी माळावर गुरं चारायचा दर एक गाय-वासरू किंवा पाच मेंढ्यांना महिन्याला १.३५ डॉलर, २०१९ ते २०२५ इतकाच होता. खासगी कुरणाचा दर त्याच्या कित्येक पट. समजा एखाद्या संस्थेला वाटलं, आपण जास्त पैसे देऊ, परवाना घेऊ आणि त्या ओढ्याकाठी गुरं सोडणारच नाही. चालत नाही. परवाना चराईसाठी आहे. चारलं नाही तर तो दुसऱ्याला जाऊ शकतो. सरकारी जमिनीतून तेल काढायच्या भाडेपट्ट्यांचंही तेच. २००८ च्या डिसेंबरमध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या लिलावात टिम डिक्रिस्टोफर नावाच्या विद्यार्थ्याने सुमारे १८ लाख डॉलरच्या बोली लावून तेलाचे पट्टे जिंकले. खिशात पैसे नव्हते, तो निषेध होता, आणि त्याला त्यासाठी तुरुंगात जावं लागलं. ठीक, फुकटची बोली. पण २०१६ मध्ये लेखिका टेरी टेम्पेस्ट विल्यम्स यांनी खरे पैसे भरून ११२० एकरांचे पट्टे घेतले, तेल काढणार नाही असं उघड सांगितलं, आणि त्यांचे पट्टे रद्द झाले. लिलाव खुला म्हणायचा आणि हातोडा पडल्यावर विचारायचं, की जमीन खणणार ना?

२००५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला एका संवर्धन संस्थेने दोन रँच, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या मालमत्ता, विकत घेतल्या, सोबत साडेआठ लाखांच्या आसपास एकरांवरची सरकारी चराई आली. त्यांनी गुरं काढून टाकली नाहीत. कमी केली, नियम मानले. इतरत्र काही संस्थांनी गुरंवाल्यांना पैसे देऊन परवाने सोडायला लावले. दोघंही खूश. अडचण अशी, की संसदेने खास कायदा केल्याशिवाय असं परवाना सोडणं कायमचं नसतं. पुढचं प्रशासन कुरण पुन्हा खुलं करू शकतं. आयडाहोतल्या ओवायही काउंटीसाठी २००९ मध्ये असा कायदा झाला, तिथे सोडलेला परवाना कायमचा सुटतो. २०२४ मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने जमीन सुधारण्यासाठी भाडेपट्टा देण्याचा नियम आणला आणि पुढच्याच वर्षी नव्या प्रशासनाने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. आज पैसे देऊन घेतलेली गोष्ट चार वर्षांनी आपली असेल की नाही हे निवडणुकीवर असेल, तर किंमत कशी ठरणार? माझं मत: 'न वापरणं' हाही वापर माना आणि बोली सर्वांना खुली करा. मात्र वणव्याच्या नजरेने एक सावधगिरी. नेवाडाच्या माळावर चीटग्रास नावाचं परदेशी गवत पसरलंय, जूनमध्येच वाळून कागदासारखं होतं. तिथे गुरं काढली, की दरवेळी निसर्ग परत येईल असं नाही; कधी नुसतं जळण साठतं. कुठे चारायचं आणि कुठे नाही हे बोलीच्या रकमेवरून कळत नाही, त्यासाठी माळावर गुडघे टेकावे लागतात.

तुम्ही आपल्याकडचं उदाहरण मागितलं नाही, पण हक्काच्या मुदतीचा हा मुद्दा मी लहानपणी तेंदूच्या फडीवर, म्हणजे बिडीच्या पानांच्या खरेदीच्या जागी, पाहिलाय. नंतर इथे ओळखला. कोवळं पान एकसारखं फुटावं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांखाली आग लावायची, हे पूर्व विदर्भात सर्रास चालायचं. ठेकेदाराचा हक्क एका हंगामाचा. सत्तर पानांचा पुडा मे महिन्यात मिळाला, की जंगलाचं पुढे काय होईल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे तिथे वणवा बाजारच लावत होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि नंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू स्वतः विकू लागल्या. काही ग्रामसभांनी आग लावायची नाही, झुडपं छाटूनच पान घ्यायचं, असे ठराव केले. पान तेच, व्यापारी तेच, बिडीही तीच. विकणाऱ्याला पुढच्या वर्षीही तिथेच राहायचं होतं, एवढाच फरक.

कार्बनच्या बाजाराबद्दल थोडक्यातच, कारण तो इथल्या केंद्रीय जमिनींवर जवळपास नाहीच. कॅलिफोर्नियाच्या योजनेत जंगल जळालं तर भरपाईसाठी काही क्रेडिट, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनच्या विकाऊ पावत्या, बाजूला ठेवतात. २०२२ मध्ये कार्बनप्लॅन संस्थेने दाखवलं, की आगीसाठी शंभर वर्षं पुरावी म्हणून ठेवलेली शिल्लक दशकभरात किमान ९५ टक्के संपली. बूटलेगनेही त्यातलाच एक प्रकल्प जाळला. आगीचा धोका जुन्या काळच्या आगींवरून मोजला की असंच होणार. प्रबंधात यावर प्रकरण लिहिणार असाल तर जपून.

शेवटचा प्रश्न, मी पैसे घालीन का. यूबासारख्या रोख्यात, हो. ४ टक्क्यांसाठी नाही, तेवढं बँकही देते कधीकधी. माझी रक्कम फेडणार आहे धरण आणि वीजगृह असलेली एक पाणीसंस्था, आणि तिचं नुकसान तिला कळतं, म्हणून. परतफेड लाकडाच्या विक्रीतून होणार असेल, तर नाही. त्या ढिगांवर मी स्वतः मेणकागद घातला आहे. आणि जिथे परतफेड "भविष्यात टळलेल्या वणव्यांच्या बचतीतून" असं लिहिलंय, ती कागदपत्रं मला पाठवा. ती बचत कुणाच्या खात्यात जमा होणार आहे ते नाव मी आधी शोधीन. बहुतेक वेळा त्या रकान्यात माणूस नसतो.